सतार आणि व्हायोलिनची वैयक्तिक तालीम: विद्यापीठाबाहेरच्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

विद्यापीठाच्या संगीत विभागात पदवीला प्रवेश न घेता, आठवड्यातून एकदा शिक्षकांसमोर बसून शिकणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. शाळकरी मुलं, नोकरी करणारे, निवृत्त झालेले, गाणं शिकलेले आणि अजिबात न शिकलेले अशा सगळ्यांसाठी. इथे सतार आणि हिंदुस्थानी पद्धतीचं व्हायोलिन या दोनच वाद्यांबद्दल लिहिलं आहे.

पदवीचा विद्यार्थी नसताना खरंच शिकता येतं का?

येतं. वैयक्तिक तालमीला बारावीच्या गुणांची किंवा वयाची अट नसते. मात्र या तालमीतून पदवी किंवा श्रेयांक मिळत नाहीत. पदवी हवी असेल तर मार्ग वेगळा आहे: पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ अशा ठिकाणी रीतसर प्रवेश घ्यावा लागतो. पुढे तिकडे जायचं मनात असेल तर पहिल्याच भेटीत शिक्षकांना सांगा, कारण त्यानुसार रागांचा क्रम बदलतो.

गाणं येत नाही. चालेल?

चालेल, पण सा ओळखता आला पाहिजे. तानपुऱ्यावर लावलेला सा ऐकून त्याच सुरात ‘आ’ म्हणता येणं, एवढीच आमची पहिली चाचणी. पहिल्या दिवशी जमलं नाही तरी बिघडत नाही. बहुतेकांना काही आठवडे रोज पाच मिनिटं तानपुऱ्याबरोबर बसल्यावर ते जमतं. व्हायोलिनला मात्र ही गोष्ट टाळता येत नाही. सतारीला पडदे (दांडीवर आडव्या बांधलेल्या पट्ट्या) असतात, बोट पडद्यामागे पडलं की सूर निदान जवळपास येतो. व्हायोलिनच्या पट्टीवर खूण नाही, तिथे कान हाच पडदा.

मुलांना कोणत्या वयात पाठवावं?

व्हायोलिन सहा-सात वर्षांपासून, कारण ते लहान मापांत मिळतं. सतारीची दांडी लांब, भोपळा मोठा. नऊ-दहा वर्षांआधी पूर्ण आकाराची सतार मुलाच्या मांडीवर नीट बसत नाही, आणि बैठक बिघडली की खांदा उचलून वाजवायची सवय लागते. लहान सतारी मिळतात, पण बऱ्याच दुकानांतल्या लहान सतारी शोभेच्या असतात. त्यांचे पडदे सुरात बसत नाहीत. त्यापेक्षा त्या वयात वर्षभर गाणं शिकवलेलं चांगलं.

व्हायोलिनचं माप कसं ठरवायचं?

मुलाचा डावा हात सरळ बाजूला पसरा, मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत टेप लावा. साधारण 47 सेंटिमीटर भरले तर पाव (1/4), 51 ला अर्धं (1/2), 56 ला पाऊण (3/4), आणि 58-59 च्या पुढे पूर्ण (4/4). मोजमाप दोन मापांच्या मधे आलं तर लहान घ्या. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठं घेतलं की करंगळी पोहोचत नाही, मनगट आत मोडतं, आणि ती मोड पुढे काढताना शिक्षकाचे महिने जातात. लहान मापं विकत घेण्याऐवजी भाड्याने किंवा जुनी घ्या, दीड-दोन वर्षांत ती बदलावीच लागतात.

सतार कुठून घ्यावी, आणि घेताना काय पाहावं?

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी मिरजेला एकदा जाऊन यावं. तिथली सतारमेकर घराणी एकोणिसाव्या शतकापासून हे काम करत आली आहेत. मूळ व्यवसाय शस्त्रांना धार लावण्याचा, शिकलगारीचा. त्यातून फरीदसाहेब शिकलगार वाद्यं बनवू लागले आणि पुढे पिढ्यांनी ते चालवलं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिराच्या समोर बसून, वाद्य हातात घेऊन निवडता येतं, हा मोठा फायदा आहे. आणि दुरुस्तीला पुन्हा त्याच माणसाकडे जाता येतं.

पाहायचं काय? नक्षी, रंग, दुसरा भोपळा यांवर पैसे घालवू नका. आधी दांडी: घोडीच्या (तारा खाली जिच्यावर टेकतात ती पट्टी) बाजूने डोळा लावून वरपर्यंत पाहा, ती वाकलेली किंवा पिळलेली नको. मग बाजाच्या, म्हणजे पहिल्या मुख्य तारेवर प्रत्येक पडदा वाजवा. कुठेही तार पुढच्या पडद्याला लागून खरखरत असेल तर तो पडदा उंच आहे किंवा दांडी बसली आहे. त्यानंतर मधल्या सप्तकाच्या पंचमावर, म्हणजे वरून तेराव्या पडद्यावर, तार ओढून तीन-चार सुरांची मींड (एका सुरातून दुसऱ्यात अखंड सरकणं) काढा. आवाज मधेच मेला तर ते वाद्य घेऊ नका. शेवटी खुंट्या: प्रत्येक फिरवून सोडा, जागेवर राहते का पाहा. जमलं तर शिक्षकांना किंवा एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला बरोबर न्या.

ऑनलाइन मागवलेली सतार चांगली निघू शकते, पण परत पाठवताना भोपळा फुटला तर जबाबदारी कोणाची, हे आधी लेखी विचारून ठेवा.

खरज-पंचम की गंधार-पंचम? दुकानदार विचारतो.

हे सतारीच्या तारा लावायचे दोन प्रकार आहेत. कोणता घ्यायचा ते तुमच्या शिक्षकांच्या वाजवण्याच्या पद्धतीवर ठरतं, म्हणून शिक्षक ठरल्याशिवाय सतार घेऊ नका. खरज-पंचम पद्धतीत, म्हणजे पं. रविशंकर वाजवत त्या प्रकारात, सात मुख्य तारा आणि साधारण तेरा तरफा (पडद्यांखालच्या, आपोआप झणकणाऱ्या तारा) असतात. उस्ताद विलायत खाँ यांच्या पद्धतीत सहा मुख्य तारा. खालची खरजाची तार नाही, त्या जागी गंधार मिळवतात. घोडीवरच्या खाचाही वेगळ्या असतात. एकाची दुसऱ्यात बदलता येते, पण घोडी आणि आड (दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) दोन्ही नवीन कोरावे लागतात, आणि तो खर्च नव्या विद्यार्थ्याने करावा असं आम्हाला वाटत नाही.

तारा कोणत्या जाडीच्या?

खरज-पंचम सतारीला, सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरून: बाजाची तार पोलादी, 0.30 मिलिमीटर. जोडाची, म्हणजे दुसरी तार कांस्याची, 28 गेज. पंचम 24 गेज, खरज 20 गेज. चिकारी (शेवटच्या, साथीला छेडायच्या तारा) आणि तरफा पोलादी, 0.22 च्या आसपास. बाज मंद्र (खालच्या सप्तकातल्या) मध्यमात आणि जोड मंद्र षड्जात मिळवतात.

सगळ्यात जास्त तुटते ती बाजाची तार. पाच-सहा सुटे बाज कायम पेटीत ठेवा. तार नेहमी एकाच ठिकाणी तुटत असेल, उदाहरणार्थ घोडीच्या कडेला किंवा मण्याजवळ (सूर बारीक जुळवायला तारेत ओवलेला मणी), तर दोष तारेचा नाही. तिथे धारदार कड झाली आहे. बारीक पॉलिश कागदाने ती हलकेच मोडावी. घोडीच्या माथ्याला मात्र स्वतः हात लावू नये, कारण तिथे जवारी असते.

जवारी म्हणजे काय, आणि ती कधी काढायची?

सतारीची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो, तीच जवारी. तार कंप पावताना त्या उतारावर लोळत जाते आणि त्यातून सतारीचा तो झणझणीत, लांब टिकणारा आवाज निघतो. वाजवून वाजवून तारेने घोडीत खाच पाडली की आवाज आधी कर्कश होतो, मग बसतो, एखादा पडदा नुसता खरखरतो. तेव्हा कारागीर कानसेने आणि काचेने तो उतार पुन्हा घडवतो, यालाच जवारी काढणं म्हणतात. रोज तासभर वाजवणाऱ्याला साधारण वर्षभराने याची गरज पडते. घोडी जितकी मऊ, तितकं लवकर.

पूर्वी घोडी सांबरशिंगाची असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो व्यापार थांबला. आता उंटाचं हाड, शिसवी-अबनूस किंवा डेलरिन नावाचं कडक प्लास्टिक वापरतात. नवशिक्याला आम्ही डेलरिनच सुचवतो. आवाज थोडा कोरडा, पण खाच लवकर पडत नाही.

‘खुली’ (जास्त झणझणीत) जवारी हवी की ‘बंद’ (कमी झणझणीत), हे पहिल्या दोन वर्षांत ठरवायची गरज नाही. मधली करून घ्या.

व्हायोलिन कोणत्या सुरात मिळवायचं?

हिंदुस्थानी व्हायोलिनमध्ये एकच पद्धत नाही. जाड तारेपासून बारीक तारेकडे प-सा-प-सा, सा-प-सा-प, आणि म-सा-प-रे अशा तीनही चालू आहेत. शिक्षक सांगतील ती घ्या. मात्र एक लक्षात ठेवा: दुकानात मिळणारा तारांचा संच पाश्चात्त्य सुरांसाठी, म्हणजे जी-डी-ए-ई साठी बनवलेला असतो. प-सा-प-सा पद्धतीत सा काळी एक धरला तर जाड तार अर्धा सूर चढते, मधल्या दोन अर्धा सूर उतरतात, आणि बारीक तार तब्बल दीड सूर उतरते. ती ढिली पडते आणि गज (तारांवर घासायची केसांची काठी) लागला की घसरते. अशा वेळी थोड्या जाड गेजची पहिली तार मागवा. संच बदलताना एका वेळी एकच तार काढा. चारही एकदम सैल केल्या तर घोडी पडते आणि आतला साउंड पोस्टही निसटू शकतो.

साउंड पोस्ट पडला, म्हणजे वाद्य हलवल्यावर आत काठी खडखडते, तर तारा लगेच सैल करा आणि वाद्य कारागिराकडे न्या. तशाच ताणलेल्या ठेवल्या तर वरची फळी दबून तडकते.

गजाला राजीन (केसांना लावायची राळ) किती लावायचं?

नव्या गजाला पहिल्यांदा वीस-तीस वेळा, टोकापासून टोकापर्यंत सावकाश. नंतर रोज तीन-चार फेऱ्या पुरतात. तारांखाली पांढरी पूड साचत असेल तर तुम्ही जास्त लावताय. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा आणि फळी पुसा, गज सैल करा. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने कधीही पुसू नका, वार्निश विरघळतं.

व्हायोलिन उभं राहून की बसून?

बसून. मांडी घालून, उजवा पाय थोडा पुढे, वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकलेलं, मागची बाजू डाव्या खांद्याला-छातीला. वाद्य दोन टोकांना टेकलं की डाव्या हातावर त्याचं वजन राहत नाही आणि हात मींडेसाठी मोकळा सरकतो. खांद्याला लावायची रेस्ट यात लागत नाही, ती विकत घेऊ नका. ज्यांना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही त्यांच्यासाठी बुटक्या पाटावर बसून, समोर छोटा आधार ठेवून जमवता येतं.

एका तालमीत नेमकं काय होतं?

पाऊण तास धरा. पहिली दहा मिनिटं वाद्य सुरात आणण्यात जातात. पालकांना हे ‘वाया गेलेले पैसे’ वाटतात, आणि यावर आमचं मत ठाम आहे: पहिल्या वर्षी वाद्य लावणं हाच अभ्यासक्रम. शिक्षकांनी लावून दिलेली सतार घरी पोहोचेपर्यंत उतरते. स्वतः लावता येत नसेल तर आठवडाभर मूल बेसूर वाद्यावर सराव करतं आणि कान बिघडतो. म्हणून आम्ही लावून देत नाही, लावायला लावतो.

क्रम असा: आधी जोड तानपुऱ्याच्या सा बरोबर, मग बाज, मग पंचम, खरज, चिकारी, सगळ्यात शेवटी तरफा. खुंटीने जवळ आणायचं, मण्याने नेमकं करायचं. नेहमी खालून वर चढवत या. वरून उतरवलेली तार थोड्या वेळात आणखी उतरते. मोबाइलमधला ट्यूनर पहिल्या महिन्यात सा आणि प साठी चालेल. नंतर तो बंद करा आणि तानपुऱ्याचं ॲप ठेवा. ट्यूनर पाहणारा डोळ्याने सूर लावतो, आणि वाजवताना डोळे कामाला येत नाहीत.

उरलेल्या वेळात मागचा पाठ, नवीन अलंकार (सुरांचा सरावाचा साचा) किंवा गतेचा (तालात बांधलेल्या रचनेचा) तुकडा, आणि शेवटी घरी करायच्या दोन-तीन गोष्टी वहीत लिहून.

सतारीवर पहिले तीन महिने काय शिकवतात?

बैठक, नखी आणि बोल. नखी (तार छेडायची तारेची टोपी) उजव्या तर्जनीत, पहिल्या सांध्यापर्यंत घट्ट, टोक बोटाच्या पुढे पाव इंच. सैल असेल तर फिरते, फार घट्ट असेल तर बोट बधिर होतं. तशी नखी चिमट्याने हलकेच उघडावी. अंगठा दांडीच्या मुळाशी टेकलेला राहिला पाहिजे. बोट तळहाताकडे ओढलं की ‘दा’, बाहेर लोटलं की ‘रा’, दोन्ही झटकन एकापाठोपाठ म्हणजे ‘दिर’. नवशिक्यांचा ‘रा’ नेहमी दुबळा असतो. म्हणून ‘रा’ पासून सुरू होणारे अलंकार वेगळे करून घेतो.

मग बिलावल किंवा यमनात अलंकार, आणि त्यानंतर मसीतखानी गत. तिचे बोल ठरलेले: दिर दा दिर दा रा, दा दा रा. तीनतालात ती बाराव्या मात्रेवर उठते आणि पाच मात्रांनी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येते. हाताने ताल देत हे बोल तोंडाने म्हणता आले नाहीत तर वाजवायला घेत नाही.

भैरव घेतला आणि पडदे जुळत नाहीत. सतार बिघडली का?

नाही. एकोणीस पडद्यांच्या सतारीवर काही सुरांना एकच पडदा असतो. वरून आठवा रिषभाचा, चौदावा धैवताचा, अठरावा तार रिषभाचा. यमनासाठी ते शुद्धावर असतात. भैरवासाठी हे तीनही वर, आडाच्या दिशेने, कोमलावर सरकवावे लागतात. मंद्र सप्तकात दोन्ही धैवत वेगळे असतात, तिथे काही करू नका. पडदा सरकवताना दोन्ही बाजूंनी धरा, दोरा एका बाजूने ओढला तर तिरका बसतो.

रोज किती सराव?

वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. रविवारी एकदम तीन तास बसून भरपाई होत नाही, उलट बोटं सोलवटतात. वाद्य कोपऱ्यात गवसणीत बांधून ठेवलं की सराव कमी होतो. ज्या खोलीत लोकांचा वावर आहे, पण पंखा किंवा ऊन थेट लागत नाही, तिथे ते हाताशी ठेवा.

बोटं दुखतात, तारेचे कापे पडतात.

सतारीत डाव्या तर्जनी-मध्यमेला पहिले दोन महिने दुखणारच. मग घट्टे पडतात. खोबरेल तेलाचा कापसाचा बोळा डबीत ठेवून बोटं अगदी हलकी ओलावली की तारेवर सरकतात. त्वचा फाटली तर एक दिवस डाव्या हाताला सुट्टी, त्या दिवशी फक्त बोल. पण मनगट, कोपर, खांदा दुखत असेल तर ते ‘सवय होईल’ म्हणून सोडू नका. ती बैठकीची चूक आहे, पुढच्या तालमीची वाट न पाहता शिक्षकांना व्हिडिओ पाठवा.

पावसाळ्यात खुंट्या अडकतात, उन्हाळ्यात घसरतात. काय करायचं?

लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, म्हणून दोन्ही त्रास एकाच खुंटीला होतात. घसरत असेल तर खुंटी बाहेर काढून साधा पांढरा खडू चोळा, परत बसवताना आत दाबत फिरवा. अडकली असेल तर पक्कड लावू नका, खुंटीचं डोकं तुटतं. तार सैल करून खुंटी दुसऱ्या टोकाकडून हलकेच ठोकून बाहेर काढा, थोडी खडूची आणि थोडी कोरड्या साबणाची बोटं फिरवा. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. उन्हाळ्यात बंद गाडीत वाद्य ठेवू नका, सरस सुटतो आणि तबली (भोपळ्यावरची फळी) उखडते.

परदेशात राहतो. ऑनलाइन तालीम उपयोगी पडते?

मधल्या टप्प्यापासून पडते. अगदी सुरुवात मात्र समोरासमोर व्हावी, निदान पहिले आठ-दहा पाठ, कारण अंगठा किती दाबलाय हे कॅमेऱ्यात दिसत नाही. झूममध्ये मूळ आवाज ठेवण्याची सोय चालू करा. नाही तर सॉफ्टवेअर तानपुऱ्याच्या अखंड सुराला गोंगाट समजून कापून टाकतं. आवाज उशिरा पोहोचतो म्हणून एकत्र वाजवता येत नाही: शिक्षकांनी वाजवायचं, मग तुम्ही. ताल तुमच्याच बाजूला लावा.

अमेरिकेतल्या, कॅनडातल्या हिवाळ्यात हीटरमुळे घरातली आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली जाते आणि भोपळ्याला, तबलीला चिरा पडतात. वाद्याच्या खोलीत आर्द्रतामापक ठेवा, 40 ते 60 च्या दरम्यान राहू द्या. विमानाने नेताना कडक फायबरची पेटीच हवी, सगळ्या तारा एखाद-दोन सूर उतरवलेल्या, घोडीखाली मऊ कापड. सतार साधारण चार फूट लांब असते, केबिनमध्ये ती घेतील असं गृहीत धरू नका.

परीक्षा द्यावी का?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वाद्यांनाही आहेत: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. मुलांना त्यातून शिस्त लागते, नोकरी करणाऱ्यांना एक टप्पा समोर राहतो. पण वर्षातून दोनदा सत्र येतं म्हणून दर सत्राला बसायलाच हवं असं नाही. मध्यमेच्या आधी घाई केली की दहा रागांच्या दहा गती पाठ होतात आणि एकाही रागात पाच मिनिटं आलाप करता येत नाही.

तालीम चुकली तर?

आदल्या दिवशी कळवलं तर त्याच महिन्यात बदली वेळ मिळते. आयत्या वेळी चुकली तर ती तालीम झाली असं धरतो, कारण शिक्षकांची ती वेळ दुसऱ्या कोणाला देता येत नाही. सराव झाला नाही म्हणून मात्र येणं टाळू नका. त्या दिवशी तरफा लावू, पडदे बांधू, नाही तर नुसतं ऐकू. येताना वही, दोन सुटे बाज, जास्तीची एक नखी आणि व्हायोलिनवाल्यांनी राजीन घेऊन या.